पाऊस, धुरळा, खारं वारं आणि भंडारा: कॅमेऱ्याच्या कव्हरविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जूनचा पहिला पाऊस पडला की तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. कोणतं कव्हर घेऊ, साधी पिशवी चालेल का, आत वाफ धरते त्याचं काय करू. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा सगळं एका जागी लिहून ठेवतो. मी पुण्यात राहतो, फोटो मुख्यतः सह्याद्रीत आणि कोकणात काढतो, उन्हाळ्यात ताडोबाची एखादी फेरी होते. तेव्हा हे सगळं आपल्याकडच्या हवेसाठी आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण खाली ती पुन्हा पुन्हा येणार आहे. कव्हर बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही, तसंच आतलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. माझ्या ओळखीतल्या ज्या लेन्स पावसाळ्यात वाया गेल्या, त्यांतल्या बहुतेक पाऊस थांबल्यावर वाया गेल्या.

माझ्या कॅमेऱ्यावर ‘वेदर सील्ड’ लिहिलंय. मग कव्हर कशाला?

सीलिंग म्हणजे सांध्यांवर, बटणांखाली आणि दारांच्या कडांना बसवलेल्या रबराच्या किंवा फोमच्या बारीक पट्ट्या. शिंतोडे, भुरभुर, पाच मिनिटांची सर यांना त्या पुरतात. पण बहुतेक कंपन्या ‘धूळ व तुषाररोधक’ एवढंच म्हणून थांबतात. किती पाणी, किती वेळ, याचा आकडा देत नाहीत. ज्यांनी दिलाय त्यांचाही अर्थ नीट समजून घ्या. ओएम सिस्टिमच्या ओएम-१ या कॅमेऱ्याला आयपी५३ हे मानांकन आहे. त्यातला ५ धुळीचा आणि ३ पाण्याचा. या ३ चा अर्थ असा, की वरून पडणारे आणि उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत तिरपे येणारे फवारे तो सोसेल. आता जुलैत हरिश्चंद्रगडावर उभं राहून बघा, पाऊस कोणत्या कोनातून येतो ते.

शिवाय बॉडी सील्ड आणि लेन्स साधी, अशी जोडी असेल तर पाणी माउंटवरून, म्हणजे लेन्स कॅमेऱ्याला जिथे बसते त्या सांध्यातून, आत शिरतं. लेन्सच्या मागच्या धातूच्या कडेला रबराची पातळ कड आहे का ते बघा. नसेल तर तुमचा कॅमेरा पावसापुरता सील्ड नाही असंच धरा. झूम करताना लांब होणाऱ्या लेन्सचं आणखी एक दुखणं असतं. बाहेर आलेली नळी ओली होते आणि तशीच आत जाते. अशी लेन्स पावसात आखडण्याआधी नळी पुसायची, ही सवयच लावून घ्यावी लागते. आणि रबर वयानं कडक होतं, तेव्हा जुन्या कॅमेऱ्याकडून नव्याची अपेक्षा करू नका.

प्लास्टिकची पिशवी चालते का?

चालते. माझी पहिली चार-पाच वर्षं पिशवीवरच गेली. फक्त पिशवी जाड हवी. पातळ पिशवी वाऱ्यात फडफडते आणि करवंदीच्या पहिल्याच जाळीत फाटते. फ्रीजरसाठी मिळणारी मोठी झिपची पिशवी चांगली, किंवा दुकानात साडी ज्यात घालून देतात ती जाड पारदर्शक पिशवी. ती बहुतेक घरात पडलेली असते.

बांधायची पद्धत अशी. पिशवीचं तोंड खाली आणि बंद बाजू वर धरा. पुढच्या बाजूला, वरच्या कडेपासून थोडं खाली, लेन्सच्या हूडपेक्षा (पुढे लावायची नळीसारखी झडप) लहान भोक पाडा. लहानच पाडा, ते ताणून बसलं पाहिजे. कॅमेरा खालच्या तोंडातून आत घाला, हूड भोकातून बोटभर बाहेर काढा आणि हूडवर रबरबँडचे दोन वेढे द्या. रबरबँड फोकसच्या किंवा झूमच्या कड्यावर आला तर कडं फिरवताना पिशवी पिळली जाते आणि भोक फाटतं, म्हणून वेढे हूडवरच. मागे व्ह्यूफाइंडरचा आयकप, म्हणजे डोळा टेकवायचं रबर, निघत असेल तर तो काढा, पिशवीला तिथे बारीक चीर द्या आणि वरून आयकप परत बसवा. पिशवी त्याच्याखाली घट्ट दबते. आयकप न निघणारा कॅमेरा असेल तर स्क्रीनवर बघून फोटो काढा.

आता पट्ट्याचं. गळ्यातला कापडी पट्टा पिशवीतून बाहेर काढला की दिव्याची वात तेल ओढते तसा तो पाणी आत ओढतो. पावसात मी गळ्यातला पट्टा काढून ठेवतो आणि मनगटाचा छोटा पट्टा पिशवीच्या आतच वापरतो.

वापरलेली पिशवी घरी आणा, वाळवा, पुन्हा वापरा. गडावर सोडून येऊ नका. गडांवर आधीच पुरेसं प्लास्टिक आहे आणि ते उचलणारी माणसं आपलीच असतात.

विकतचं कव्हर घेताना काय बघायचं?

कापडाच्या आधी शिवण बघा. कापड कितीही जलरोधक असलं तरी सुईनं पाडलेल्या भोकांतून पाणी झिरपतं. कव्हर उलटं करा. आतल्या बाजूनं शिवणीवर पट्टी चिकटवलेली दिसली पाहिजे. मग लांबी. तुमच्या सगळ्यात मोठ्या लेन्सला हूड लावून टेपनं मोजा आणि मगच मागवा. दोन्ही हातांना वेगळ्या बाह्या असतील तर फार बरं, कारण एक हात शटरवर आणि दुसरा लेन्सखाली लागतोच. पुढच्या तोंडाला ओढून बांधता येईल अशी नाडी हवी. मागची पारदर्शक खिडकी मऊ हवी, कडक प्लास्टिक घडीवर पांढरं पडतं आणि मग काही दिसत नाही.

कव्हर आलं की ते थेट डोंगरावर नेऊ नका. आधी घरी परीक्षा घ्या. स्टीलची पाण्याची बाटली कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळा, कॅमेऱ्याच्या जागी कव्हरात ठेवा आणि शॉवरखाली दहा मिनिटं धरा, थोडं तिरपं करून, थोडं फिरवून. मग कागद उलगडा. थेंब जिथे शिरला तिथे कागदावर करडा डाग स्पष्ट दिसतो. माझ्या एका चांगल्या, महागड्या कव्हरात असा डाग बरोबर हॉट शूच्या, म्हणजे वर फ्लॅश बसवायच्या खाचेच्या, जागी निघाला होता, म्हणजे पाणी नको असलेल्या नेमक्या ठिकाणी. ते मी परत केलं.

मावळात आणि कोकणात भातलावणीला माणसं डोक्यावर इरलं घेत. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा आणि त्यात दाटीनं बसवलेली पानं. पाठ झाकलेली, दोन्ही हात मोकळे, खालून हवा खेळती, आणि दिवसभर वाकून काम केलं तरी ते जागेवरून हलत नाही. चांगलं कव्हर कसं असावं हे कुणी विचारलं तर माझ्या डोळ्यांसमोर इरलं येतं.

कव्हर घालूनही नाणेघाटात कॅमेरा खालून भिजला. असं कसं झालं?

कारण तिथे पाऊस खालून येतो. कोकणातून येणारा वारा कड्यावर आदळतो आणि वर वळतो. दरीत पडणारं पाणी तो उचलून परत माथ्यावर फेकतो. नाणेघाटातला उलटा धबधबा म्हणतात तो हाच. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरही पावसाळ्यात हाच अनुभव येतो. इरल्यासारखं खालून उघडं कव्हर अशा जागी पाण्याची ओंजळ होतं. वरून कोरडं दिसत असतं आणि बॅटरीच्या झाकणाशी पाणी साचत असतं.

कड्याच्या जागी खालचं तोंड बंद करता येईल असंच कव्हर न्या. नाडी नसेल तर मनगटाभोवती रबरबँड लावा. त्याहून मोठा उपाय म्हणजे मागे सरकणं. कड्यापासून वीस-पंचवीस पावलं मागे आलात तरी वाऱ्याचा जोर उतरतो आणि फ्रेममध्ये माणसं आली की त्या पाण्याची उंचीही कळते. कडेवर शेवाळ असतं, डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेला असतो. कृपा करून मागेच राहा.

कासच्या पठारावर सप्टेंबरात धुकं आणि रिमझिम असते तेव्हा मात्र साधी छत्री सगळ्या कव्हरांना भारी आहे. सोबत्याला धरायला सांगा. फुलं जमिनीलगत असतात, आपण ओणवे असतो, आणि छत्रीखाली लेन्सवर थेंब येत नाहीत.

लेन्सवर वाफ धरते. कव्हर खराब आहे का?

बहुधा नाही. गार वस्तूवर दमट हवा आली की तिच्यातलं बाष्प पाणी होऊन बसतं. मालवणला रात्रभर एसी लावून झोपलात, खोली २२ अंशांवर होती, कॅमेराही तेवढाच गार झाला. सकाळी बाहेर २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के. अशा हवेचा दवबिंदू साधारण २५ अंश असतो. म्हणजे २५ च्या खाली असलेल्या प्रत्येक काचेवर पाणी बसणार. ते पुसलं तरी पुन्हा बसतं, कारण काच अजून गारच असते. आणि ते फक्त पुढच्या काचेवर बसत नाही, आतही बसतं.

उपाय रात्रीच करायचा. एसीच्या खोलीत कॅमेरा झिपच्या पिशवीत घालून तोंड पक्कं बंद करा. सकाळी ती पिशवी तशीच बाहेर न्या आणि अर्धा-पाऊण तास उघडू नका. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगावर धरेल, आत कॅमेरा हळूहळू बाहेरच्या हवेइतका होईल. गाडीतल्या एसीलाही हेच लागू. घाट चढताना मी शेवटचा अर्धा तास एसी बंद करून काचा खाली करतो.

कव्हर घातल्यावर आत वाफ होते ती वेगळी. ती तुमच्या हातांची आणि श्वासाची. व्ह्यूफाइंडरवर नाकानं श्वास सोडला की तो सरळ कव्हरात जातो. पावसाची सर गेली की कव्हर थोडं उचलून हवा लागू द्या.

कव्हर किती वेळ घालून ठेवावं?

पाऊस आहे तेवढाच वेळ. या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

काही वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये मी हरिश्चंद्रगडावरून उतरलो. दोन दिवस झड लागली होती. कव्हरनं काम चोख केलं, कॅमेऱ्यावर थेंब नव्हता. खिरेश्वरला गाडीत बसलो, दमलो होतो, कव्हरासकट कॅमेरा बॅगेत टाकला. घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापासून कामं सुरू झाली. बॅग उघडली ती तीन आठवड्यांनी, गणपतीत. लेन्सला काही झालंय असं वरून वाटलं नाही. मग सवयीनं मोबाइलचा टॉर्च मागून धरला. आतल्या एका काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. एक फाटा मधोमध आला होता. बुरशी. लेन्स उघडून साफ करून घेतली, पण त्या तंतूंखालचं काचेवरचं लेपन गेलेलं होतं. बुरशीतून निघणारी आम्लं ते खातात. आजही सूर्यासमोर धरली की त्या लेन्समध्ये धुरकट वलय येतं. मी तिच्यावर वर्षभर पैसे साठवले होते.

त्या दिवशी गाडीत कव्हर काढून कॅमेरा मागच्या सीटवर पंच्यावर ठेवला असता, तर काही झालं नसतं.

आषाढी वारीत दिवे घाटात पाऊस आला की पखवाजवाले पखवाजावर प्लास्टिक ओढतात. आणि सर थांबली रे थांबली की पहिलं प्लास्टिक काढतात. कातडं आत घामेजलं तर बोल उतरतो. आपल्यालाही तसंच वागायचंय.

घरी आल्यावरचा क्रम मी असा ठेवलाय. कव्हर बाल्कनीत. कॅमेरा आणि लेन्स सुती फडक्यानं टिपून घ्यायचे, घासायचे नाहीत. बॅटरीचं आणि कार्डाचं दार कोरडं झाल्यावरच उघडायचं. मग सगळं पंख्याखाली, मंद वाऱ्यात, तीन-चार तास. त्यानंतर डब्यात. जेवण त्याच्या नंतर.

सिलिका जेलचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण बंद डब्यात. बॅगेच्या कप्प्यात टाकलेली पुडी काही तासांत बाहेरच्या हवेनं भरून जाते आणि मग ती नुसती वाळू. स्वयंपाकघरात धान्याला वापरतो तो रबराची कड असलेला घट्ट झाकणाचा डबा घ्या, तळाशी सिलिका जेल, वर कापड, त्यावर कॅमेरा. आत छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत असावा. ६० च्या वर दिवसेंदिवस राहिला तर बुरशीला आमंत्रण. फार खाली, ३० वगैरे, तेही बरं नाही, रबर आणि वंगण कोरडं पडतं.

निळे दाणे ओलावा धरून गुलाबी होतात, नारिंगी दाणे हिरवट होतात. निळ्यात कोबाल्ट क्लोराइड असतं, ते आरोग्याला घातक. घरात लहान मुलं असतील तर नारिंगी घ्या. दाणे ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर तास-दोन तास ठेवले की पुन्हा कोरडे होतात. त्यासाठीचं भांडं वेगळं ठेवा, ते परत स्वयंपाकाला नको. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल आणि दोन-तीन लेन्स असतील, तर विजेवरचं ड्राय कॅबिनेट घ्या. पुढची लेन्स लांबली तरी चालेल.

जेजुरीला सोमवती अमावस्येला जायचंय. भंडाऱ्यासाठी वेगळं काही करावं लागतं का?

लागतं. पावसाच्या कव्हरला खाली फट असली तरी निभतं, भंडाऱ्याला सुईएवढी फटही पुरते. हळदीची पूड अतिशय बारीक असते, मुठीनं उधळली की हवेतच तरंगत राहते, ‘येळकोट येळकोट’च्या गजरात गडाच्या पायऱ्यांवर पिवळं धुकंच होतं. त्यात थोडा तेलकटपणा असतो, माणसांच्या घामाचा दमटपणा असतो, म्हणून ती कॅमेऱ्याला चिकटते.

एकच लेन्स लावून जा आणि गड उतरेपर्यंत ती काढू नका. शक्य असेल तर लांब न होणारी लेन्स घ्या. लांब होणारी झूम लेन्स भात्यासारखी हवा आत ओढते आणि हवेबरोबर भंडारा. पुढे साधा पारदर्शक फिल्टर लावा. पिशवीच्या किंवा कव्हरच्या सगळ्या कडा चिकटपट्टीनं बंद करा. औषधाच्या दुकानातली कागदी मायक्रोपोर पट्टी यासाठी उत्तम, काढताना तिचा गोंद मागे राहत नाही. माइक, फ्लॅश आणि चार्जिंगच्या दारांवरही तीच पट्टी लावा.

साफसफाई घाईनं केली तर सगळी मेहनत वाया जाते. कव्हर घातलेलंच असताना ते बाहेर, वाऱ्याच्या दिशेनं झटका. मग मऊ ब्रशनं कडा झाडा. मग ब्लोअर, म्हणजे हवा मारायचा रबरी फुगा. तोंडानं फुंकर घालू नका, फुंकरीत लाळेचे कण असतात आणि ओली हळद म्हणजे डाग. हे झाल्यावरच कव्हर काढा आणि कॅमेऱ्यावर हाच क्रम पुन्हा करा. ओलं फडकं सगळ्यात शेवटी. पांढऱ्या रंगाच्या मोठ्या लेन्सवर पिवळा डाग राहिलाच तर फार घासू नका. हळदीचा रंग उन्हात उडतो. कापडी कव्हर आणि पट्टा उन्हात दोन-तीन दिवस ठेवले की डाग पुष्कळ फिकट होतो.

जोतिबाच्या यात्रेतला गुलाल आणि विसर्जनाची मिरवणूक, दोन्हीला हीच तयारी.

रंगपंचमीला?

भंडाऱ्याची तयारी अधिक पावसाची तयारी. आणि आधी लोकांशी बोलून घ्या. ‘कॅमेऱ्यावर पाणी मारू नका’ असं हसून सांगितलं की बहुतेक जण ऐकतात.

ताडोबाच्या धुळीसाठी पावसाचंच कव्हर वापरू का?

नको. एप्रिल-मेमध्ये तिथे प्लास्टिकच्या कव्हरात कॅमेरा भाजून निघतो, आणि त्याचा आवाजही होतो. वाघापेक्षा शेजारच्या झाडावरचा पक्षी त्या चुरचुरीनं आधी उडतो.

माझ्या ओळखीचे बरेच जण, आणि आता मीही, उशीचा जुना सुती अभ्रा वापरतो. लेन्स लावलेला कॅमेरा अभ्र्यात, अभ्र्याचं तोंड आत दुमडलेलं, मांडीवर. जिप्सी चालू असते आणि पुढच्या गाडीचा फुफाटा अंगावर येत असतो तेव्हा कॅमेरा आत. गाडी थांबली की एका हातानं अभ्रा खाली सरकवायचा, दोन सेकंदांचं काम. अभ्रा हलका, आवाज न करणारा, हवा जाऊ देणारा आणि रोज संध्याकाळी धुता येणारा. फिकट रंगाचा घ्या, उन्हात कमी तापतो.

धूळ बसलेल्या लेन्सवर थेट कापड फिरवू नका. त्या धुळीत वाळूचे कण असतात. आधी ब्लोअर, मग ब्रश, मग कापड.

उन्हात कॅमेरा गरम होतो. कव्हर काढून टाकू?

काळं किंवा प्लास्टिकचं असेल तर हो. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा ४० अंश दिलेली असते, आणि चंद्रपूरचा मे महिना ती सकाळी अकरालाच ओलांडतो. पांढरा पंचा दुमडून कॅमेऱ्यावर टाका. व्हिडिओ काढत असाल तर दोन चित्रणांच्या मध्ये कॅमेरा बंद करून सावलीत ठेवा.

समुद्रावर तर पाऊस नसतो. तिथे कव्हर का?

कारण तिथे हवेतच मीठ असतं. लाट फुटली की तिचे बारीक तुषार वाऱ्यावर दूरपर्यंत येतात. पाणी उडून जातं, मीठ राहतं. आणि हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पुन्हा ओलावा ओढून पाझरू लागतं. पावसाळ्यात उघड्या बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं तेच. कोकण किनाऱ्यावर आर्द्रता बहुतेक रात्री ७५ च्या वर असते. म्हणजे हर्णैच्या बंदरावर संध्याकाळच्या मासळीच्या लिलावात तासभर फिरलात, कॅमेरा कोरडा दिसतोय म्हणून तसाच ठेवलात, तर रात्रभर त्याच्या स्क्रूंवर, हॉट शूवर आणि माउंटवर खारं पाणी बसून असतं. गंज तिथून सुरू होतो.

किनाऱ्यावर म्हणून मी पाऊस नसतानाही हलकं कव्हर घालतो. परत आल्यावर मऊ फडकं गोड्या पाण्यात भिजवून घट्ट पिळायचं, कॅमेरा आणि लेन्सचं अंग पुसायचं, मग कोरड्या फडक्यानं. कोरडं फडकं आधी फिरवलंत तर मिठाचे स्फटिक ओरखडे पाडतात. ट्रायपॉडचे पाय नळाखाली धरून सगळे भाग लांब करून धुवा.

भिगवणला होडीतून रोहित पक्ष्यांचे फोटो काढताना उडणारं पाणी उजनीचं, गोडं. तिथे एवढी भीती नाही, रुमाल जवळ असला की पुरे.

निओप्रीनचे (फोमसारख्या जाड रबराचे), झाडीच्या रंगाचे लेन्सकोट पावसात चालतात का?

ते पावसासाठी नसतात. ते आपटण्यापासून, ओरखड्यांपासून वाचवतात आणि लेन्सचा पांढरा रंग झाकतात. भिजले की तासन्‌तास ओले राहतात आणि ती ओल लेन्सला लावून ठेवतात. पावसाळा सुरू झाला की ते काढून ठेवा.

पावसात लेन्स बदलायची वेळ आली तर?

टाळा. अगदीच अडलं तर छपराखाली जा, देऊळ, चहाची टपरी, गाडी काहीही. हात आणि केस आधी पुसा, कारण आत पडणारा थेंब बहुतेक वेळा ढगातून येत नाही, आपल्या कपाळावरून येतो. कॅमेरा बंद करा, माउंटचं तोंड खाली धरा.

आंबोलीला रात्री बेडूक बघायला जातोय. फ्लॅश कसा झाकायचा?

आंबोलीत वर्षाला ७००० मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि बेडूक नेमके तो चालू असतानाच बाहेर येतात. तेव्हा इथे कव्हर ही चैनीची गोष्ट नाही. फ्लॅश आणि कॅमेरा जिथे जुळतात तो हॉट शू सगळ्यात नाजूक. तिथे पाणी गेलं तर संपर्क बिघडतो, फ्लॅश आपोआप उडू लागतो किंवा उडतच नाही. फ्लॅशला वेगळी पिशवी घालू नका, दोन पिशव्यांच्या सांध्यातून पाणी बरोबर शूवर उतरतं. कॅमेरा आणि फ्लॅश मिळून एकच मोठी पिशवी घ्या. फ्लॅशचं तोंड मात्र प्लास्टिकला टेकू देऊ नका, सलग उडवलं की ते तापतं आणि प्लास्टिक वितळून चिकटतं. मध्ये डिफ्यूझर (प्रकाश पसरवणारं झाकण) असेल तर आपोआप अंतर राहतं.

मलबार ग्लायडिंग फ्रॉग पानावर बसलेला दिसेल. २००९ साली ज्याचं शास्त्रीय वर्णन झालं तो आंबोली टोड कातळावरच्या उथळ पाण्यात भेटेल. त्यांना हात लावू नका, फांदी वाकवून ‘जागा मोकळी’ करू नका, चार-पाच फोटो झाले की दिवा बंद करा. आणि पाय कुठे टाकतोय ते बघा, टोड बोटाच्या पेराएवढे असतात.

यूव्ही फिल्टर आणि हूड, दोन्ही लावावेत का?

पावसात, धुळीत, समुद्रावर हो. पुसायचं ते फिल्टरला पुसलं जातं. आणि हूड खोल असेल तर निम्मे थेंब काचेपर्यंत पोचतच नाहीत.

कव्हर घालून धबधब्याखाली किंवा पाण्यात जाता येईल?

नाही. रेनकव्हर पडणारं पाणी अडवतं, दाब असलेलं पाणी अडवत नाही. त्यासाठी पाण्याखालची हाउसिंग, म्हणजे कॅमेऱ्याची पूर्ण बंद पेटी, असते.

मोबाइलला आयपी६८ आहे, मग?

ती चाचणी गोड्या, स्थिर पाण्यात, नव्या फोनवर होते. समुद्राचं पाणी लागलं तर गोड्या पाण्यानं पुसून घ्या आणि चार्जिंगचं तोंड पूर्ण सुकेपर्यंत चार्जरला लावू नका.

सगळं करूनही कॅमेरा भिजला. आता?

चालू करून बघायचा मोह आवरा. ‘चालतोय का बघू’ या एका क्षणात ओल्या सर्किटमधून वीज जाते, आणि दुरुस्त होण्यासारखा कॅमेरा कायमचा बंद पडतो. बॅटरी काढा, कार्ड काढा, लेन्स वेगळी करा, माउंट खाली करून ठेवा, सगळी दारं उघडी. बाहेरचं पाणी टिपून घ्या. तांदळात ठेवू नका, तांदूळ फारसं पाणी ओढत नाही आणि त्याचा कोंडा आत जातो. हेअर ड्रायर नको, गरम हवेचा झोत पाणी आणखी आत ढकलतो. भरपूर सिलिका जेल असलेल्या बंद डब्यात दोन दिवस ठेवा, मग सर्व्हिस सेंटर.

खारं पाणी असेल तर दोन दिवसही थांबू नका. बॅटरी काढा आणि त्याच दिवशी दुरुस्तीला न्या. मीठ आत सुकलं की पुढे काही करता येत नाही. पाण्यानं झालेलं नुकसान सहसा वॉरंटीत बसत नाही. त्यासाठी वेगळा विमा लागतो, आणि घेताना त्यात पाण्याचा उल्लेख आहे का ते वाचून घ्या.

कव्हर कसं धुवायचं, कसं ठेवायचं?

साध्या पाण्यानं, हातानं. साबण लागलाच तर अगदी सौम्य, कपड्याचं सॉफ्टनर मुळीच नाही. पिळू नका. आतली बाजू बाहेर काढून सावलीत हँगरला लावा, मग उलटून बाहेरची बाजू वाळवा. कव्हरच्या आतला चमकदार पातळ थर ओलसर राहिला तर दोन-तीन पावसाळ्यांत चिकट होतो आणि त्याची साल निघू लागते. तशी साल दिसली की ते कव्हर कॅमेऱ्यावर घालू नका, तिचे तुकडे माउंटमध्ये जातात. त्याचं चांगलं राहिलेलं कापड कापून ट्रायपॉडच्या डोक्यावर बांधायला ठेवा. मी दोन जुन्या कव्हरांचं तेच केलंय.

पावसाळा संपला की कव्हर घट्ट घडी करून बॅगेच्या तळाशी कोंबू नका. दारामागच्या खुंटीला रेनकोटशेजारी टांगून ठेवा.